पत्रा वाजला पाहिजे

मार्च लागला की नाशकात सगळ्यांचे ओठ हलायला लागतात. दुधाच्या रांगेतलं पोर, सायकलवर एका हातानं वही धरून चाललेली मुलगी, आईनं देवाच्या पाया पडायला धाडलेला बारावीचा मुलगा, सगळे आपापल्याशी काहीतरी पुटपुटत असतात. परवा द्वारकेच्या चौकात रस्ता ओलांडायला उभा होतो. पलीकडे सात-आठ मुलांचा घोळका, हातात वह्या. ट्रक गेले, बस गेल्या, द्राक्षांच्या पेट्या भरलेले टेम्पो गेले, आणि दोन टेम्पोंच्या मधल्या फटीतून मी एका मुलाचे ओठ वाचले. तो म्हणत होता, ‘थर्टीन.’ किंवा ‘थर्टी.’ ते मात्र ओठांवरून कळत नाही. जगात कुणालाच कळत नाही. हे मी अधिकारानं सांगतो, कारण या एका प्रश्नावर माझ्याइतका अभ्यास नाशिक जिल्हा सोडा, विलायतेतही कुणी केलेला नाही.

मी इंग्रजीचा क्लास चालवायचो. नव्वदच्या दशकात, द्वारकेहून थोडं आत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे, जिना चढून वर एक पत्र्याच्या छपराची खोली. मध्ये लाकडी पार्टिशन. अलीकडे क्लास, पलीकडे आमचा संसार. खाली दिवसभर कांद्याच्या गोण्या चढायच्या-उतरायच्या, वर मी पोरांच्या डोक्यात इंग्रजी चढवायचो. बाक अठरा आणि मुलं दोनशे. बरं, दोनशे नसतील. पण दीडशेच्या खाली मी येणार नाही, इभ्रतीचा प्रश्न आहे.

व्याकरण काय, कुणीही शिकवतं. माझं नाव होतं ते सारख्या आवाजाच्या शब्दांसाठी. शिप आणि शीप. फिल आणि फील. लूस आणि लूझ. एकाला हाक मारली की दुसरा ओ देणार, असे सख्खे भाऊ. आपल्या मराठी तोंडाची गंमत अशी की ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत छड्या खाऊनही बोलताना आपण सगळे इकार एकाच मापानं वाढतो. ‘व’ म्हटला की ‘व’, मग तो दात ओठावर टेकवून येवो नाहीतर ओठांचा चंबू करून. आपलं काही अडत नाही. साहेबाचं अडतं.

म्हणून मी प्रत्येक जोडीला एकेक गोष्ट लावून दिली होती. माझ्या आत्याचे यजमान आगबोटीवर होते. (जन्मभर मनमाडला रेल्वेत होते, पण या गोष्टीला समुद्र लागतो.) बोटीत सातशे मेंढ्या. भर समुद्रात एका मेंढीला डाव्या हाताला गवत दिसलं. समुद्रात गवत कुठून आलं, हे विचारायचं नाही. सातशेच्या सातशे डावीकडे. बोट कलली आणि गपकन गेली. तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून बोट आखूड: शिप. मेंढ्या मात्र तळाशी जाईपर्यंत ओरडत होत्या, म्हणून मेंढी लांब: शीप. ही गोष्ट ऐकलेला एकही मुलगा त्या जोडीत पुन्हा चुकला नाही. काही तर म्हणे झोपेतसुद्धा बरोबर ओरडायचे.

थर्टीन आणि थर्टीला मात्र गोष्ट नव्हती. त्याला पत्रा होता. मी खिशातून एक खडा काढायचो, जमिनीवर टाकायचो. धप्. ‘हे थर्टी. पडलं, संपलं.’ मग तोच खडा वर छपराला मारायचो. टण्ण! आवाज खोलीभर फिरायचा, मुलं कानावर हात ठेवायची. ‘आणि हे थर्टीन. फिफ्टीन. सिक्स्टीन. शेवटी पत्रा वाजला पाहिजे!’

परीक्षा घ्यायची माझी पद्धतही माझीच होती. विद्यार्थ्यानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि जोडीतला मनाला येईल तो शब्द म्हणायचा. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून नुसता अर्थ सांगायचा. त्याच्या मनात मेंढी असताना मी ‘जहाज’ म्हणालो, की उच्चार नापास. तोंड त्याचं, कान माझा. आणि कान काय होते महाराज! पंचवटीत कुणी ‘फील’ म्हटलं तर मला द्वारकेला बसून कळायचं की इकार सुताभरानं आखूड पडलाय.

ते कान गेले. नक्की कधी गेले हे सांगता येत नाही, कारण कान जाताना आवाज होत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता मी फळ्यावर लिहून मागं वळलो, तर सगळी मुलं वर बघत होती. दीडशे माना एकदम वर. मीही बघितलं. पत्रा होता, नेहमीचा, गंजाचे डाग पडलेला. ‘काय, उत्तरं वर लिहिलीत का?’ मी म्हणालो. मुलांचे दात दिसले, म्हणजे मुलं हसली. मग सटाण्याकडचा आमचा रमेश, दाढी वाढवून तिसऱ्यांदा दहावीला बसलेला, त्यानं खिडकीकडे बोट केलं. पत्र्यावरून माकडं खाली उतरत होती. चांगली सहा-सात, लेकुरवाळी. डोक्यावर पत्र्याच्या छपरावर माकडं नाचत होती, आणि मी मनात म्हणत होतो, आज दुपार किती शांत आहे.

मी मुलांना पुढचं उदाहरण सोडवायला दिलं. काहीच झालं नाही.

मग मागचं एकेक जुळायला लागलं. कुसुम, म्हणजे माझी बायको, हल्ली कुकरच्या शिट्ट्या ऐकून गॅस बंद करायला शेजारणीकडून धावत का यायची. खालचा गोदामवाला जिना चढून येऊन माझ्या खांद्याला हात का लावायचा. चिमण्या गेल्या, गेल्या म्हणून मी सगळ्यांशी हळहळत होतो, त्या चिमण्या खिडकीतच होत्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कागदावर उतरत जाणारी एक रेघ काढून दाखवली. आमच्या सप्तशृंगीच्या घाटालासुद्धा एवढा उतार नाही. नसा सुकल्यात म्हणाले. यंत्र दिलं. काड्यापेटीएवढी डबी, ती शर्टाच्या खिशात ठेवायची आणि तिची वायर कानात. घरी येऊन मी ते स्वेटरांच्या खाली ठेवून दिलं. उच्चार शिकवणाऱ्या सरांच्या कानात वायर! पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी कमरेला ट्यूब बांधून पाण्यात उतरण्यासारखं.

दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात. थोड्या वेळानं आपण आपल्याच गालाला हात लावतो आणि तो गाल दुसऱ्याचा लागतो. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं, इतकं दुखत नाही. तो आख्खा मार्च माझा तसा गेला. रसवंतीचा चरक फिरताना दिसायचा, त्याचे घुंगरू नुसते हलायचे. खाली हमाल तोंड उघडून एकमेकांवर ओरडायचे आणि कांद्याचा उग्र वास तेवढा वर यायचा. मोगऱ्याची पहिली फुलं कुसुमच्या केसात दिसली, ती काहीतरी म्हणाली, मी मान डोलावली. कशाला डोलावली, देव जाणे.

तिला सांगायचं म्हणून मी तीन दिवस तयारी केली. तेव्हा घरात समोरासमोर, जवळून, सावकाश बोललेलं मला अजून समजायचं. मी सुरुवात केली, ‘कुसुम, माझ्या कानांचं जरा...’

‘दिवाळीपासून माहितीये मला,’ ती म्हणाली.

‘कसं काय?’

‘तुम्ही माझं ऐकत नाही हे काही नवीन नाही. पण ‘जेवायला या’ हेही ऐकेनात, तेव्हा समजलं.’

कुसुम देवळ्याची. आठवीपर्यंत शिकलेली, तीही कांदे काढायचे दिवस सोडून. पण दहा वर्षं पार्टिशनपलीकडे स्वयंपाक करता करता तिनं माझ्या सगळ्या जोड्या ऐकल्या होत्या. अर्थ तिला एकाचाही ठाऊक नव्हता. शीप म्हणजे मेंढी का मोटार, तिला काय त्याचं? तिच्या लेखी ते ‘लांबवालं’ आणि दुसरं ‘आखूडवालं’. अर्थ सगळे माझ्याकडे उरले होते, आवाज सगळे तिच्याकडे गेले होते.

मग आम्ही दोघांनी मिळून जी बनवाबनवी केली, तिला तोड नाही. मी भर वर्गात जाहीर केलं, ‘भिंतीची पद्धत जुनी झाली. परदेशात आता समोरासमोर घेतात. डोळ्यांत डोळे घालून इंग्रजी!’ दाराशी पाट टाकून कुसुम मेथी निवडायला बसायची. विद्यार्थी माझ्यासमोर उभा राहून आधी अर्थ सांगायचा, मी कुसुमला ऐकू जाईल असं ‘लांब’ किंवा ‘आखूड’ म्हणायचो, आणि मग तो शब्द म्हणायचा. मी त्याच्या ओठांकडे बघितल्यासारखं करून तिरप्या नजरेनं कुसुमच्या हाताकडे बघायचो. पान टोपलीत गेलं, तर बरोबर. काडी बाहेर पडली, तर चूक. पान गेलं की मी गरजायचो, ‘शाब्बास!’ काडी पडली की म्हणायचो, ‘परत! बोट बुडव आधी, मेंढी नंतर!’

त्या महिन्यात आम्ही इतकी मेथी खाल्ली की आमच्या घामाला मेथीचा वास यायचा. रमेशनं एकदा कुसुमला विचारलंच, ‘काकू, रोज मेथीच का?’ ती म्हणाली, ‘सरांना इंग्रजीनं पित्त होतं.’ सगळ्या वर्गाचे दात दिसले.

मंदा याच हंगामातली. मखमलाबादच्या बाजूला तिच्या घरच्यांचा झेंडूचा मळा. उजाडताना फुलं बाजारात घालून ती तशीच क्लासला यायची. बोटं कायम पिवळी. वहीचं पान उलटलं की कोपऱ्यावर पिवळा ठसा. वय एकोणीस-वीस. बारावी झालेली, परीक्षा कुठली द्यायची नव्हती. पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘सर, मला स्टेशनवर बोलायचंय.’

‘कुणाशी?’

‘सगळ्यांशी.’

मनमाडला गाड्यांची घोषणा करायला बाई हवी होती. मराठी, हिंदी तिला यायचंच. आवाज असा की मळ्याच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाला बांधावर आणेल, हे मला कुसुमनं सांगितलं. अडायचं ते इंग्रजी आकड्यांवर. गाडीचा नंबर, फलाटाचा नंबर, उशीर किती. ‘तेरा मिनिटं उशीर आणि तीस मिनिटं उशीर,’ मी तिला म्हणालो, ‘एवढ्या फरकात माणसाची गाडी जाते, मंदा.’

‘म्हणून तर आले,’ ती म्हणाली. ‘लहानपणी मामाकडं जायचो ना आम्ही, तवा मनमाडला ती बाई बोलायची. दिसायची नाय कुठं. पण बोलली की आख्खा फलाट हलायचा. हमाल पळायचे, बाया पोरं उचलायच्या. आमच्या घरात मी बोलले तर शेळीबी हलत नाय.’

घरच्यांनी तिला एवढा एक मार्च दिला होता. जमलं तर जमलं, नाहीतर झेंडू आहे आणि चैत्रात पाहुणे बघायला येणार आहेत.

ती जीव तोडून करायची. कुसुमच्या काड्या आधी भराभर पडायच्या, मग कमी झाल्या, मग दहातली सहा पानं टोपलीत जायला लागली. थर्टीन मात्र धड होईना. शेवटचा न तिच्या जिभेवरच विरायचा.

आणि देवळ्याहून निरोप आला. उन्हाळ कांदा काढायला आलाय, माणसं मिळत नाहीत, कुसुमला आठ दिवस धाडा.

‘मंदाचं होईस्तोवर थांबते,’ कुसुम म्हणाली.

‘जा गं तू. इथे मी आहे की.’

‘तुम्ही आहात तेच म्हणतेय मी.’ मग माझ्या हनुवटीला धरून तिनं माझं तोंड आपल्याकडे वळवलं, म्हणजे ओठ नीट दिसावेत. ‘तिला सांगा. म्हणावं, दुसऱ्या कुणाला तरी ऐकव. आठ दिवसांचा प्रश्न आहे.’

‘सांगतो.’

सांगितलं नाही.

बोर्डाची परीक्षा चालू झाली होती, बाक रिकामे होते. दुपारी पत्रा तापून खोलीत भट्टी व्हायची. समोर मंदा, दाराशी रिकामा पाट. ती पिवळ्या बोटांवर मोजत एकेक आकडा म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. त्या बघण्याला काय म्हणावं? आपण डॉक्टरांकडे बघतो तसं. मी थोडा वेळ थांबायचो, डोळे बारीक करायचो, मान तिरकी करायचो, जसं काही तो शब्द सोन्याच्या तराजूत घालतोय. आणि म्हणायचो, ‘शाब्बास!’

पहिल्या दिवशी एकदा म्हणालो. दुसऱ्या दिवशी दहादा. शेवटच्या दिवशी तिनं सगळे आकडे ओळीनं म्हटले आणि मी दर आकड्याला शाब्बास दिली, वर टाळ्या वाजवल्या. ती इतकी हसली की मला तिची मागची दाढसुद्धा दिसली.

आयुष्यभर मी थापा मारल्या. मेंढ्या बुडवल्या, बोटी बुडवल्या, दीडशेचे दोनशे केले, आणि त्या प्रत्येक थापेत मला मजा आली. या शाब्बासकीत मजा नव्हती. वाईटही वाटत नव्हतं. आज लिहिताना मी शोधतोय की त्या आठ दिवसांत कुठेतरी काहीतरी टोचलं असेल, रात्री एखादा घास अडला असेल. नाही अडला. व्यवस्थित जेवत होतो.

मंदा मनमाडला जाऊन आली. तिथे काय झालं ते तिनं नंतर कुसुमला सांगितलं. ऐकणारे साहेब वयस्कर होते. डोळे मिटून ऐकत होते. तेरा म्हणा म्हणाले. तीस म्हणा म्हणाले. परत तेरा म्हणा म्हणाले. मग डोळे उघडून अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘पोरी, दोन्ही एकच झालं की. कुणी सांगितलं नाही का तुला?’

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती क्लासवर आली. कुसुम त्याच सकाळी देवळ्याहून परतली होती, दाराशी मेथी घेऊन बसली होती. रमेशचा इंग्रजीचा पेपर होऊन गेला होता. तो पेपर दाखवायला म्हणून येऊन बाकावर बसला होता. मंदानं चपला दाराबाहेर काढल्या. माझ्यासमोर आली, ओठ नीट हलवत म्हणाली, ‘सर, एकदा जुन्या पद्धतीनं घ्या ना. भिंतीकडं तोंड करून.’

‘जुनी पद्धत आता...’

‘एकदाच.’

ती जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती, वेणी दिसत होती, वेणीत आदल्या दिवशीचा सुकलेला गजरा. तिचे खांदे वर झाले, श्वास घेतल्यासारखे, आणि खाली आले. मी कुसुमच्या हाताकडे बघितलं. हात टोपलीवर तसाच थांबलेला. दोन बोटांत एक अख्खी जुडी, पान नाही, काडी नाही. मला वाटलं, प्रवासानं दमली असेल.

मी थोडा वेळ थांबलो. डोळे बारीक केले. मान तिरकी केली.

‘शाब्बास!’ मी म्हणालो. ‘आता वाजला बघ पत्रा!’

रमेशनं तोंडावर हात घेतला. मंदा सावकाश वळली. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि लहान मुलाला सांगावं तसं, मला वाचता येईल असं सांगितलं, ‘मी काय बोललेच नाय, सर.’

इथे माणसानं काय करावं? खाली बसावं. माफी मागावी. निदान गप्प राहावं. माझं तोंड मात्र सवयीनं चालू झालं. मी म्हणालो, ‘अगं, मला ठाऊक होतं! मी तुझीच परीक्षा बघत होतो. इंग्रजीत कधी बोलू नये हे कळणं ही सगळ्यात वरची पायरी. लंडनला एक सर होते माझ्या ओळखीचे, त्यांनी वर्षभर एक शब्द...’

बोलता बोलता मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. हसू मला दिसतं, मी सांगितलंच. त्या दिवशी त्या खोलीत एकही दात दिसला नाही.

मग मंदा काहीतरी म्हणाली, माझ्याशी नाही. तिचे ओठ थरथरत होते आणि थरथरणारे ओठ वाचता येत नाहीत. कुसुमनं तिला काहीतरी उत्तर दिलं, जुडी सोडून, तिच्याकडे बघून. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी मधोमध खडूची पेटी हातात धरून उभा होतो. माझ्या डोक्यावरून माणसं माझ्याबद्दल बोलत होती आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं.

दोघींत काय ठरलं, ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. मंदा आली, मला ‘नमस्कार सर’ म्हणाली, आणि माझ्यासमोर न येता दाराशी कुसुमच्या शेजारी मांडी घालून बसली. मेथीची अर्धी जुडी तिनं आपल्या पुढ्यात ओढली.

पुढचे कितीतरी महिने त्या दोघी तशाच बसत. चैत्रातले पाहुणे तिनं कसे परतवले, ते तिलाच ठाऊक. मी फळ्यापाशी नव्या मुलांना व्याकरण शिकवायचो. उच्चार मी त्या दिवसापासून सोडला. स्वेटरांच्या खालून यंत्र काढलं, लावलं. पहिल्या दिवशी कुणी विचारलं तर म्हणून मी सतरा थापा तयार ठेवल्या होत्या. कुणी विचारलं नाही. उलट रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, ‘सर, स्कोअर काय?’ वायर बघून त्यांना वाटायचं, मी सामना ऐकतोय. मी सांगायचो, ‘दोन बाद.’ नाशकात कित्येक सामने त्या वर्षी माझ्यामुळे भलत्याच वळणाला गेले.

यंत्रातून ऐकू यायचं, पण ते ऐकणं म्हणजे गोणपाटातून पीठ चाळणं. मोठं मोठं सगळं यायचं, बारीक ते राहून जायचं. दाराशी दोन बायका काहीतरी बोलतायत एवढं कळायचं. एकदा मात्र मी जवळच उभा होतो आणि कुसुमचे ओठ दिसले. ती मंदाला सांगत होती, ‘लांबवालं नाही झालं. सरांनी काय सांगितलंय? शेवटी पत्रा वाजला पाहिजे. परत म्हण.’ मी फळ्याकडे वळलो आणि बराच वेळ पुसलेलाच फळा पुसत राहिलो.

मनमाडला पुन्हा माणूस हवं झालं, तेव्हा पुढचं वर्ष उजाडलं होतं. मंदा गेली. पेढे घेऊन आली तेव्हा तिनं आधी कुसुमला वाकून नमस्कार केला, मग मला. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाली, ‘सर, मेंढ्यांची गोष्ट लय भारी हाय तुमची. तिथं सगळ्यांला सांगितली.’ एवढंच. माफी मागायला मी तोंड उघडलं, आणि खरं सांगतो, बाहेर आलं ते असं: ‘सातशे नव्हत्या त्या. नऊशे होत्या.’ ती हसली. मला तिची मागची दाढ दिसली.

तिला ऐकायला जायचं जमलं ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी. नवं शतक लागलं होतं, मी क्लास बंद केला होता, पत्र्याच्या जागी गोदामवाल्यानं स्लॅब टाकला होता. मार्चच होता. कुसुम सकाळी उठून म्हणाली, ‘चला, मनमाडला जाऊन मंदाला ऐकून येऊ.’ ऐकून येऊ! मला! मी म्हटलं चल.

फलाटावर ऊन तिरपं आलेलं, बाकडं तापलेलं. कुसुमनं भाजलेल्या शेंगांचा पुडा घेतला. मी यंत्र लावून बसलो. डबीत सगळं एकत्र घोंघावत होतं, चहावाले, ढकलगाड्या, कबुतरं, कुणाचं तरी रडणारं पोर, एक मोठा आंबलेला काला. काही वेगळं निघेना. मी वैतागून बटण बंद केलं आणि नुसता बघत बसलो.

आणि फलाट हलला.

आधी हमाल उठले. मग पेपर वाचणाऱ्या माणसानं पेपर मिटला. बायकांनी पोरं काखेला मारली, कुणी बोचकं उचललं, कुणी धावत सुटलं, एक म्हातारा उठता उठता पुन्हा निवांत खाली बसला, म्हणजे त्याच्या गाडीला अजून वेळ होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत शेकडो माणसं, कुणी कुणाला हात लावला नव्हता, आणि सगळी एकदम हलली. मी घाईघाईनं बटण चालू केलं. गोंगाटाच्या वर कुठेतरी एक बाई बोलत होती. शब्द लागत नव्हते. तेरा होते की तीस होते, मला कळलं नाही.

मी कुसुमकडे बघितलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मान किंचित वर, पत्र्याकडे असावी तशी. हातातली शेंग तिनं न बघताच फोडली होती.

‘वाजला का?’ मी विचारलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. टरफल खाली टाकलं, चाचपत माझा हात शोधला आणि तळव्यावर दाणा ठेवला. दाणा अजून गरम होता.